वैशाखातला फुलोरा : पुणे ते पोलादपूर

सह्याद्रीला वर्षातून दोनदा बहर येतो. श्रावण-भाद्रपदातला बहर पठारांवरच्या ओल्या मातीत उगवणाऱ्या बोटभर उंचीच्या वनस्पतींचा असतो, आणि कास पठारामुळे तो आता सगळ्यांच्या ओळखीचा झाला आहे. दुसरा बहर फाल्गुनात सुरू होतो आणि मृगाच्या पावसापर्यंत टिकतो. तो झाडांवर, झुडपांवर आणि वेलींवर येतो, आणि त्यासाठी मुद्दाम कोणी प्रवासाला निघत नाही, कारण त्या दिवसांत गाडीच्या काचा वर असतात आणि लक्ष घाटमाथ्यावरच्या गारव्याकडे असते. पावसाळी बहरात फुलांचे प्रकार जास्त असतात हे खरे. पण कोणते फूल कोणासाठी उमलते हे उलगडून पाहायचे असेल तर उन्हाळाच बरा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पाने गळून गेलेली असतात, फूल उघड्यावर असते आणि त्यावर येणाऱ्याला आडोसा नसतो.

ऐन उन्हात झाडे फुलतात यामागे हिशोब आहे. पानझडी झाडे पाने टाकून देतात तेव्हा पानांवाटे जाणारे पाणी वाचते. खोडात साठलेले आणि खोल गेलेल्या मुळांना मिळणारे पाणी कळ्यांना पुरते. निष्पर्ण फांदीवरचे फूल पक्ष्याला आणि माशीला लांबून दिसते. शिवाय फाल्गुन-चैत्रात धरलेले बी ज्येष्ठाच्या तोंडाशी पिकून खाली येते आणि लगेच पावसात रुजते. काटेसावरीचा कापूस एप्रिल-मेच्या वाऱ्यावर उडतो आणि पळसाच्या चपट्या पापड्याही पावसाआधीच झाडावरून सुटतात, त्याचे कारण हेच.

हा फुलोरा एका दमात पाहायचा असेल तर पुण्याहून निघून खंबाटकी घाट, वाई, पसरणीचा घाट, पाचगणी, महाबळेश्वर आणि आंबेनळी घाटाने पोलादपूर अशी वाट धरावी. अंतर सुमारे १६० किलोमीटर भरते. वाईत वर्षाला हजार मिलीमीटरच्या आत पाऊस पडतो. महाबळेश्वरी तोच आकडा साडेपाच हजारांच्या पुढे जातो, आणि घाटाखाली कोकणातही तो अडीच-तीन हजारांच्या वर असतो. एवढ्याशा अंतरात माळरान, पानझडी रान, सदाहरित रान आणि पुन्हा कोकणातले मिश्र रान असा पालट होत असल्याने फुले बदलतात आणि पाहुणेही बदलतात. एप्रिलचा शेवटचा आठवडा ते मेचा मध्य हा काळ त्यासाठी सर्वांत सोयीचा. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर पाहावे. दुपारी मधमाश्यासुद्धा फुले सोडून पाण्यावर जमतात.

पुण्यातून बाहेर पडताना डोळ्यांत भरतात ती बहुतेक परदेशी झाडे. गुलमोहर मादागास्करचा. नीलमोहर दक्षिण अमेरिकेचा. वेताळ टेकडीवर आणि शहराभोवतीच्या इतर टेकड्यांवर दाटलेला गिरिपुष्प, ज्याला उंदीरमारी म्हणतात, तो मध्य अमेरिकेचा. मुरमाड जमिनीत तग धरतो आणि जनावरे सहसा तोंड लावत नाहीत म्हणून त्याची लागवड झाली. त्याचा गुलाबी बहर मार्चअखेर ओसरतो. तोपर्यंत त्यावर काळे भुंगे घिरट्या घालत असतात, आणि हे अपेक्षितच आहे, कारण त्याच्या मायदेशातही भुंग्यांचेच भाऊबंद त्याचे परागीभवन करतात. गुलमोहराच्या फुलात एक पाकळी इतर चारांहून निराळी, पांढरट आणि तांबड्या ठिपक्या-रेघांची असते. मकरंदाची जागा तीच दाखवते. तिच्या अनुरोधाने शिंजीर पक्षी, भुंगे आणि मोठी फुलपाखरे फुलात शिरतात. साताऱ्यात १ मे हा दिवस गुलमोहर दिन म्हणून साजरा होतो. परके झाड आपलेसे झाल्याची याहून मोठी पावती नसावी.

पुण्याच्याच पदरी आणखी एक पाहुणा आहे, त्याचे स्वागत मात्र कोणी करत नाही. गाजरगवताची भारतातली पहिली ठळक नोंद १९५५च्या सुमारास पुण्यातच झाली. मेक्सिकोतून आलेला आणि गाजरगवतच खाणारा झायगोग्रामा नावाचा भुंगेरा त्याच्या बंदोबस्तासाठी १९८४ मध्ये बंगळूरकडे सोडण्यात आला. तो पुढे अनेक राज्यांत पसरला, गवत मात्र आहे तिथेच आहे. त्याच्या बारीक पांढऱ्या फुलांपासून कीटकांना फारसे काही मिळत नाही, माणसाला तेवढी ॲलर्जी मिळते.

इथेच एक गोष्ट ठरवून घेतली म्हणजे पुढचा प्रवास सोपा होतो. झाड देशी की विदेशी, या प्रश्नाचे उत्तर फुलाकडे पाहून अर्धेच मिळते. फुलाला मकरंद असेल, पराग असेल आणि सोंड पोहोचत असेल, तर कीटक झाडाचा मुलूख विचारत नाही. पानाचे तसे नसते. बहुतेक फुलपाखरांचे सुरवंट ठरावीक कुळांतल्या, कधी कधी मोजक्या दोन-चार जातींच्याच झाडांची पाने खातात, आणि पानातली रसायने पचवण्याची ती सवय लक्षावधी वर्षांची असते. विदेशी झाड प्रौढ फुलपाखराला पोसते, पण त्याची पिल्ले वाढवायला बहुधा देशीच झाड लागते. म्हणून फुलावर गर्दी किती, एवढ्यावरच झाडाचे मोल ठरवता येत नाही.

शिरवळ मागे टाकून खंबाटकीकडे जाताना रस्त्याच्या कडेला, कचऱ्याच्या ढिगाशेजारी, पडीक जमिनीवर सगळीकडे रुई दिसते. मारुतीच्या गळ्यातल्या माळेपलीकडे तिच्याकडे कोणी पाहत नाही. पण उन्हाळ्यातल्या एवढ्या गुंतागुंतीच्या यंत्रणेचे फूल या वाटेवर दुसरे नाही. रुईचा पराग सुटा नसतो; तो मेणचट पुडीत बांधलेला असतो आणि दोन पुड्या एका चिमट्याने जोडलेल्या असतात. फुलाच्या मधल्या पंचकोनी भागाला बारीक खाचा असतात. मकरंद पिताना भुंग्याचा पाय खाचेत घसरतो, जोर लावून बाहेर काढताना चिमटा पायाला अडकतो आणि पुड्या निघून येतात. पुढच्या फुलात तोच पाय पुन्हा खाचेत गेला की पुडी तिथे राहते. एवढा जोर लहान माशीला सहसा नसतो. हे काम मुख्यतः भुंग्याचेच. रुईची पाने खाऊन ‘प्लेन टायगर’ या केशरी फुलपाखराचे सुरवंट वाढतात. चिकातले विष ते अंगात साठवतात आणि ते फुलपाखराच्या अंगातही उतरते. म्हणून ते इतक्या आरामात, खालून आणि सावकाश उडते. एकदा चाखलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. रुई अशी दोन्ही हिशोबांत बसते, फुलाच्याही आणि पानाच्याही.

रुईच्या शेजारीच काटेरी, निळसर पानांचा पिवळा धोतरा फुललेला असतो. तो मेक्सिकोकडचा. त्याच्या फुलात मधमाश्यांना पराग भरपूर मिळतो आणि कोरड्या महिन्यांत तो त्यांच्या कामी येतो. त्याचे बी मोहरीसारखे दिसते, आणि त्याच्या तेलाची भेसळ मोहरीच्या तेलात झाली की अंगावर सूज येऊन माणसे दगावतात. १९९८ मध्ये दिल्लीत तशी मोठी साथ आली होती.

खंबाटकीच्या डोंगरउतारावरचा पळस मेपर्यंत फुलून गेलेला असतो. चुकून उशिरा फुललेले एखादे झाड सापडले तर मात्र तिथे थांबावे. पळसावर साळुंक्या, मैना, कोतवाल, बुलबुल, कावळे असे सगळे येतात, आणि ते सगळेच परागीभवन करतात असा समज होतो. पळसाच्या पुनरुत्पादनाचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आढळले की आलेल्या पक्ष्यांपैकी उपयोगी पडतो तो जांभळा शिंजीर, आणि त्याच्या जोडीला तीन पट्ट्यांची खार. बाकीचे बहुतेक पाहुणे मकरंद पिऊन जातात, पण परागकोशाला आणि स्त्रीकेसराला योग्य जागी स्पर्श न झाल्याने झाडाच्या पदरात काही पडत नाही. फुलावर दिसणारा प्रत्येक जण परागवाहक नसतो, ही गोष्ट पळसाइतकी स्पष्ट दुसरीकडे कळत नाही.

सुरूर फाट्याला महामार्ग सोडला की वाई. मराठी विश्वकोशाचे काम जिथून चालले त्या या गावात कृष्णेचे घाट, देवळे आणि देवळांच्या आवारात देवचाफा. पूजेत, ओटीत, दर्ग्यावर, सगळीकडे चालणारे हे फूल मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचे आहे, हे सांगितल्यावर पुष्कळांना पटत नाही. देवचाफ्याचा वास संध्याकाळनंतर वाढतो. त्याच्या नळीत मकरंद नसतो. लांब सोंडेचे निशाचर पतंग वासाला भुलून फुलामागून फूल धुंडाळतात आणि उपाशी परततात. तेवढ्यात पराग मात्र इकडचा तिकडे होतो. आपल्याकडे त्याला शेंगा क्वचितच धरतात. फांदी खोचली की झाड होते, त्यामुळे माणसालाही बियांची गरज पडली नाही. हे झाड आपल्या कीटकांना ना मध देते ना चारा, आणि तरी त्याला परके म्हणवत नाही. लोकांच्या भावना आणि कीटकांची भूक या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

पसरणीचा घाट हा या वाटेवरचा सगळ्यांत संपन्न तुकडा. वळणावळणाला गाडी उभी करता येत नाही ही अडचण आहे, पण वर जाणाऱ्या बाजूला दरडीत फुललेली झुडपे हाताच्या अंतरावर असतात. त्यांत आधी दिसते धायटी. फांद्यांना चिकटून आलेल्या तिच्या तांबड्या नळ्या फेब्रुवारीपासून मेपर्यंत टिकतात, कारण रंग पाकळीचा नसून जाड, टिकाऊ पुष्पकोशाचा असतो. नळीच्या तळाशी मकरंद असतो. शिंजीर फांदीवर बसून एकेका नळीत चोच घालतो, तेव्हा बाहेर डोकावणाऱ्या पुंकेसरांचा पराग त्याच्या कपाळाला लागतो. सातेरी मधमाश्याही येतात. हीच फुले वाळवून वैद्य आसवे आणि अरिष्टे आंबवायला वापरतात, त्यामुळे ती रानातून गोळा होऊन बाजारातही जातात. वणव्यात होरपळलेली धायटी बुंध्यातून पुन्हा फुटते. सगळ्यांनाच ते जमत नाही. शिवरात्रीनंतर या डोंगरांवर चांगले गवत उगवेल म्हणून लावल्या जाणाऱ्या आगीत जमिनीत घरटी करणाऱ्या एकांड्या माश्या, गवतातली अंडी आणि कोष जळून जातात. काळ्या पडलेल्या उतारावर मे महिन्यात फूल दिसले तरी पाहुणा कमी का, त्याचे उत्तर पुष्कळदा त्या राखेत असते.

कातळाच्या कडेने निष्पर्ण उभी असलेली गणेरीची झाडे एप्रिलपर्यंत मोठी, तेजस्वी पिवळी फुले धरतात. गणेरीलाच सोनसावर असेही म्हणतात. तिच्या परागकोशाला टोकाशी फक्त छिद्र असते. पराग बाहेर काढायचा तर फूल हलवावे लागते, तेही विशिष्ट गतीने. भुंगा फुलाला मिठी मारतो, पंख मिटून छातीचे उड्डाणस्नायू थरथरवतो आणि त्या कंपाने पराग छिद्रातून उडतो. त्या वेळचा गुंजारव उडतानाच्या आवाजाहून वरच्या पट्टीतला असतो; एकदा ऐकला की डोळे मिटूनही ओळखता येतो. मधमाशीला ही विद्या अवगत नाही. सांडलेला पराग ती गोळा करते, इतकेच.

करवंदीचा पांढरा बहर एव्हाना संपून जाळ्यांत कच्ची-पिकी करवंदे लागलेली असतात. मधल्या रिकाम्या जागा घाणेरीने व्यापलेल्या दिसतात. घाणेरी किंवा टणटणी, अमेरिका खंडातून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचे झुडूप म्हणून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली आणि तिथून देशभर पसरली. तिच्या गुच्छात मधली, नवी उमललेली फुले पिवळी असतात आणि कडेची, जुनी झालेली गुलाबी किंवा तांबडी. मकरंद पिवळ्या फुलात असतो. फुलपाखरे ते शिकतात आणि जुन्या फुलांवर वेळ दवडत नाहीत. झुडपाला याचा फायदा असा की जुनी फुले न गाळल्याने गुच्छ लांबून मोठा दिसतो, आणि जवळ आल्यावर पाहुणा नेमका नव्या फुलावर जातो.

पसरणीच्या घाटात आणि वर महाबळेश्वरात घाणेरीवर हमखास दिसणारे एक मोठे फुलपाखरू म्हणजे नीलवंत. काळे पंख आणि मागच्या पंखांवर निळ्याची झाक असलेले हे फुलपाखरू महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केले. त्याचे सुरवंट लिंबाच्या कुळातली पाने खातात. रानात माकडलिंबासारखी झुडपे, परसात लिंबू-पपनस. घाणेरी त्याला जेवू घालते आणि त्याच वेळी, सावलीत दाट वाढून, माकडलिंबाच्या रोपांना वर येऊ देत नाही. तिची फळे बुलबुल खातात आणि बी लांबवर टाकतात. पाने जनावरांना विषारी. घाणेरी सरसकट उपटून टाकावी असे म्हणणारे आणि तिच्यावरची फुलपाखरे मोजून ती राहू द्यावी असे म्हणणारे, दोघेही अर्धीच बाजू मांडतात. घाणेरी काढताना त्या जागी धायटी, करवंद किंवा कुडा लावला नाही तर रिकामी जागा बहुधा पुन्हा घाणेरीच घेते.

रस्त्याच्या अगदी कडेला, डांबर आणि माती यांच्या सांध्यात, एकदांडी फुललेली असते. उंच दांड्यावर एकच पिवळे-पांढरे फूल. तीही मध्य अमेरिकेकडून आली. दगडी पाला म्हणून तिची पाने जखमेवर चोळायची पद्धत इतकी जुनी वाटते की ती परकी आहे हे विसरायला होते. उन्हाळ्यात जमिनीलगत दुसरे काहीच फुलत नाही तेव्हा नखाएवढी निळी फुलपाखरे आणि चिमुकल्या फुलोरी मधमाश्या यांचा दिवस बहुतांशी एकदांडीवर निघतो. विदेशी तणांत सरळ बाजू घ्यावी अशी कोणी असेल तर ती हीच.

पाचगणीत शिरताना रस्ता सिल्व्हर ओकच्या सावलीत जातो. ऑस्ट्रेलियातले हे झाड इथे आले ते १८६०च्या दशकात गाव वसवणाऱ्या जॉन चेसनच्या काळातल्या लागवडीपासून. एप्रिल-मेमध्ये त्याला नारिंगी-सोनेरी, फणीसारखे तुरे येतात आणि त्यांतून मकरंद इतका पाझरतो की फुलांखाली बोट धरले तर चिकट होते. मायदेशी त्यावर मधखाऊ पक्षी आणि पोपट येतात. इथे ती जागा चष्मेवाल्यांच्या थव्यांनी, बुलबुलांनी आणि शिंजिरांनी घेतली आहे. पाचगणीच्या पठारावर मात्र या दिवसांत पाहण्यासारखे काही नाही. जांभा तापलेला आणि गवत वाळलेले.

महाबळेश्वर १,३७० मीटर उंचीवर. पॉइंटांकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या दुतर्फा बुटके, दाट, बारमाही हिरवे रान आहे आणि त्यात जांभूळ, अंजन, हिरडा, गेळा ही झाडे मुख्य. हा अंजन खानदेशातल्या अंजन वृक्षाहून वेगळा. पाने चकचकीत, आणि बहर आला की फांदीच्या पेरापेरांतून निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके फुटून सबंध फांदी झाकून जाते. त्याचा भर थोडेच दिवस टिकतो. नशीब असेल तर सापडतो. जांभळाच्या फुलाला पाकळ्या नावापुरत्या, त्या टोपीसारख्या गळून पडतात आणि उरतो तो पांढऱ्या पुंकेसरांचा झुपका; त्यावर मार्च-एप्रिलमध्ये माश्यांचा आवाज झाडाखालून ऐकू येतो. जांभळाचा किंचित कडवट, गडद मध इथल्या बाजारात वेगळा विकला जातो.

मध हा इथला जुना व्यवसाय आहे. महाबळेश्वराजवळच्या मांघरला २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून घोषित करण्यात आले, आणि देशातले असे पहिले गाव अशी त्याची ओळख करून दिली जाते. पुण्यातली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२पासून आहे. मधपेट्यांत पाळली जाते ती सातेरी. आग्या माशी पाळता येत नाही. ती कड्याच्या कपारीखाली किंवा उंच झाडावर उघडे पोळे लावते, बहर सरला की मुक्काम हलवते आणि चांदण्या रात्री मधावर जाते. फुलोरी झुडपात वीतभर पोळे करते. डंख नसलेल्या बारक्या माश्या भिंतीच्या आणि खोडाच्या पोकळीत राहतात. या चारही माश्या देशी. पाचवी, मेलीफेरा, युरोपातून आणलेली. १९६०च्या दशकात ती पंजाब-हिमाचलच्या भागात रुळवण्यात यश आले आणि मग ती सपाटीवरच्या शेतीत सगळीकडे गेली. ती मध जास्त देते. फुलांइतकीच माश्यांतही देशी-विदेशी अशी फाळणी आहे, पण तिची चर्चा मधाच्या उत्पादनापुढे फारशी जात नाही. आग्या माशीच्या पोळ्याखाली धूर, उग्र अत्तर किंवा आरडाओरडा केल्यास काय होते, हे सह्याद्रीतल्या गडांवर जाणाऱ्यांना सांगायला नको.

संध्याकाळ झाली की रानात पांढऱ्या फुलांची पाळी येते. कुसर, म्हणजे रानातला मोगरा, झुडपांवर चढून फुललेला असतो. सह्याद्रीतली ही जाईची जात असून तिच्या लांब नळीतला मकरंद पतंगांच्या सोंडेच्या मापाचा आहे. याच डोंगररांगेत उत्तरेला, भीमाशंकरच्या रानात, वारस या झाडावर हेमा सोमनाथन आणि रेनी बोर्जेस यांनी केलेले काम प्रसिद्ध आहे. वारसाची पांढरी फुले रात्री उमलतात. त्यांच्यावर पतंग किंवा वटवाघळे येत असतील असे वाटणे साहजिक होते. आढळले ते भुंगे, रात्री उडणारे. २००१ मध्ये ते प्रसिद्ध झाले. पुढच्या संशोधनात त्यांतली एक जात चंद्र नसलेल्या रात्रीही उडते आणि त्या अंधुक उजेडात रंग ओळखते, असे दिसून आले. माणसाला अशा उजेडात रंग दिसत नाहीत. दिवसा भुंगे पाहून झाले असे वाटत असेल, त्याने वारसाखाली एक रात्र काढावी.

महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरू लागला की प्रतापगडाच्या पायथ्यापासून हवा जड होते आणि झाडे उंच होत जातात. आंब्याच्या फांद्यांवर बांडगूळ असते. बागायतदार त्याला शिव्या देतात, आणि ते झाडाचा रस शोषते हे खरेच. पण त्याची नारिंगी नळकांडी शिंजिरासाठी आणि चिकट फळे फुलटोच्या या सगळ्यांत लहान पक्ष्यासाठी असतात. फुलटोच्या फळ गिळतो, चिकट बी विष्ठेतून सहजी सुटत नाही, म्हणून तो ते फांदीला घासून काढतो, आणि नेमके तिथेच नवे बांडगूळ रुजते. कुंभ्याचे फूल रात्री उमलते; सकाळी झाडाखाली त्याच्या पुंकेसरांचे गुलाबी-पांढरे झुबके पडलेले असतात आणि झाडावर पाहण्यासारखे काही उरत नाही.

घाटाच्या खालच्या टप्प्यात बहावा. मे महिन्यातल्या पिवळ्या झुंबरांमुळे तो सर्वांना माहीत आहे. पण फूल हातात घेऊन पाहणारे थोडे. दहा पुंकेसरांपैकी तीन लांब आणि वर वळलेले, चार आखूड, तीन खुरटे. फुलात मकरंद नाही. देण्यासारखा आहे तो पराग, आणि माशीने तो सगळाच खाल्ला तर झाडाला काय उरणार? म्हणून वाटणी केलेली आहे. भुंगा आखूड पुंकेसरांना धरून थरथरवतो आणि त्यातला पराग आपल्यासाठी घेतो. त्याच वेळी लांब पुंकेसरांचा पराग त्याच्या अंगावर, जिथे त्याचे पाय सहज पोहोचत नाहीत अशा जागी पडतो, आणि पुढच्या फुलाचे स्त्रीकेसर त्याच जागेला टेकते. बहाव्याच्या पानांवर ‘कॉमन एमिग्रंट’ या फिकट पिवळ्या-हिरवट फुलपाखरांचे सुरवंट वाढतात. झाडाची कोवळी पाने कुरतडलेली दिसली तर औषध मारू नये, ती झाडाची नेहमीची पंगत आहे.

पोलादपूरकडे सपाटी आली की ओढ्याकाठी ताम्हण. जांभळ्या, चुरगळलेल्या पाकळ्यांचे हे राज्यपुष्प रस्त्याकडेला आता मुद्दाम लावले जाते, पण ओढ्यातल्या ओलीवर वाढलेल्या झाडाचा बहर निराळाच. भुंगे आणि मधमाश्या त्यावर परागासाठी येतात. आसपासच्या काजूच्या बागांतला मोहोर केव्हाच संपलेला असतो. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला आणि कोकणाने तो असा सामावून घेतला की देशी-विदेशीच्या चर्चेत त्याचे नावच निघत नाही.

उन्हाळी फुलांतले शेवटचे फूल वळवाच्या एक-दोन सरी झाल्यावर येते. मेच्या अखेरीस कोकणातल्या रानात, पान नसलेल्या जमिनीतून, शेवळाचा जांभळट दांडा वर निघतो. त्याला कुजल्यासारखा वास येतो, आणि त्या वासावर भुंगेरे आणि माश्या येतात. दांड्याच्या खालच्या भागात आधी स्त्रीफुले तयार होतात, नंतर वरची पुंफुले पराग सोडतात. आधीच्या फुलोऱ्यातून पराग घेऊन आलेला भुंगेरा स्त्रीफुलांवर तो ठेवतो. ठाणे-रायगडच्या बाजारात जूनच्या सुरुवातीला जुड्या बांधून येणारी शेवळे म्हणजे हाच, पुरता उमलण्याआधी काढलेला फुलोरा. घशाला खाज येऊ नये म्हणून काकडाची आंबट फळे घालून त्यांची भाजी करतात. काढलेल्या दांड्याला अर्थातच बी धरत नाही. कंद जमिनीत राहतो, पावसात त्याला छत्रीसारखे एकच पान येते, आणि त्या पानाने साठवलेल्या अन्नावर पुढच्या मेमध्ये नवा दांडा निघतो.